मायक्रोस्कोपला बसण्याआधी : पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षासाठी एक पत्र

प्रिय डॉक्टर,

बेळगावात एम. डी. पॅथॉलॉजीला रुजू व्हायला थोडे दिवस उरलेत, तोवर काय वाचू, असं विचारलं आहेस. थोडंच वाच, आणि तेही नॉर्मल हिस्टॉलॉजी, म्हणजे निरोगी टिश्यूची सूक्ष्म रचना. लिम्फ नोड, थायरॉइड, एंडोमेट्रियम (गर्भाशयाचं अस्तर), आतड्याचा म्युकोसा (आतलं अस्तर) नॉर्मल असताना कसा दिसतो हे डोळ्यांत बसू दे. ट्यूमरची वर्गीकरणं आत्ता पाठ करू नकोस, ती केसेस बघता बघता होतील. पहिल्या वर्षाचं खरं काम ग्रॉसिंगच्या, म्हणजे ऑपरेशनमधून आलेला नमुना बघून त्यातले तुकडे घेण्याच्या, टेबलावर असतं. तिथे जो भाग घ्यायचा राहिला तो स्लाइडवर कधीच येत नाही, म्हणून या पत्रात जास्त त्याबद्दलच लिहितो आहे.

आधी डबा बघ. लेबल डब्याच्या अंगावर हवं, झाकणावर नको. झाकणं एकमेकांची बदलतात. नुसत्या नावावर विसंबू नकोस. आपल्याकडे एकच माणूस घरात मारुती आणि आधारकार्डावर मारुतेप्पा असतो, आणि पाटील तर एकाच वॉर्डात दोन-तीन सापडतात. हॉस्पिटलचा नंबर, डावी-उजवी बाजू, तुकड्यांची संख्या हे सगळं फॉर्मशी जुळव. जुळलं नाही तर सुरी खाली ठेव आणि ओटीला (ऑपरेशन थिएटरला) फोन कर. यात कोणाची भीड धरू नकोस.

नमुना ज्यात टिकवतात ते फॉर्मालिन कसं बनतं तेही माहीत असू दे. एक लिटर न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनला 100 मिली मूळ तीव्र फॉर्मालिन, 900 मिली पाणी, 4 ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) आणि 6.5 ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट लागतं. बफर नसेल तर ते आम्लधर्मी होतं आणि रक्ताळलेल्या टिश्यूत तपकिरी-काळे कण पडतात. मलेरियाच्या पिगमेंटशी त्यांची सहज गल्लत होते. नमुन्याच्या निदान दहापट फॉर्मालिन हवं. तालुक्याच्या ठिकाणाहून अख्खं गर्भाशय लहान बरणीत कोंबून आलेलं दिसेल. बाहेरून ते घट्ट झालेलं असतं, पण फॉर्मालिन आत पोचलेलं नसतं आणि एंडोमेट्रियम कुजायला लागलेलं असतं. म्हणून नमुना आला त्याच दिवशी उघड. गर्भाशय मधोमध चीर, आतडं मेसेंटरीच्या विरुद्ध बाजूने उघड, स्तनाला आधी शाई लावून सेंटिमीटरभर जाडीचे काप दे आणि कापांमध्ये गॉज ठेव. स्तनाचा नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवा आणि 6 ते 72 तास राहायला हवा, नाहीतर ईआर, पीआर, हर-टू या स्तनाच्या कॅन्सरच्या रिसेप्टर तपासण्यांच्या निकालांवर भरवसा ठेवता येत नाही. या दोन्ही वेळा फॉर्मवर लिहून घेण्याची सवय लाव.

निपाणी-चिकोडीच्या तंबाखू पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको, तोंडाच्या कॅन्सरचे नमुने तुझ्या वाट्याला नेहमी येतील. यात नवखा हमखास एका जागी फसतो. ट्यूमर ठळक दिसतो, म्हणून तो त्याच्या मधूनच तीन-चार तुकडे घेतो. पण टी-स्टेजसाठी (ट्यूमरचा टप्पा ठरवण्यासाठी) ट्यूमर किती खोल गेला आहे हे मोजावं लागतं, आणि ती खोली शेजारच्या नॉर्मल म्युकोसाच्या बेसमेंट मेम्ब्रेनच्या (वरच्या पेशींखालच्या पातळ पडद्याच्या) पातळीपासून सरळ खाली मोजतात. 5 आणि 10 मिलिमीटर या रेषांवर स्टेज बदलते. शेजारचा म्युकोसा तुकड्यात आलाच नाही, तर मोजायचं कुठून? म्हणून निदान दोन तुकडे ट्यूमर आणि नॉर्मल म्युकोसा एकत्र येतील असे घे, आणि जिथे ट्यूमर सर्वांत खोल वाटतो तिथून घे. मार्जिनचे (नमुन्याच्या कापलेल्या कडेचे) तुकडे कडेला काटकोनात घे, म्हणजे अंतर मिलिमीटरमध्ये सांगता येतं. 5 मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर मार्जिन जवळचं धरतात. मानेच्या गाठी (लिम्फ नोड) लेव्हलप्रमाणे, म्हणजे मानेतल्या जागेप्रमाणे, वेगवेगळ्या ठेव. प्रत्येक गाठीभोवतीची थोडी चरबीही घे, कारण कॅन्सर गाठीबाहेर पडला आहे का ते तिथेच कळतं. जबड्याचं हाड फॉर्मालिनमध्ये पूर्ण फिक्स झाल्यावरच मऊ करायला ॲसिडमध्ये टाक. नायट्रिक ॲसिड लवकर काम करतं, पण जास्त वेळ राहिलं की न्यूक्लियसला रंग चढत नाही. फॉर्मिक ॲसिडला वेळ लागतो, पण टिश्यू सांभाळला जातो.

तुकडा 3-4 मिलिमीटरपेक्षा जाड नको. कॅसेटचं (तुकडा ठेवायच्या छोट्या डबीचं) झाकण दाबून लावावं लागत असेल तर तो जाडच आहे. दोन नमुन्यांच्या मध्ये सुरी, चिमटा आणि बोर्ड धुऊन घे. एकाच्या ट्यूमरचा कण दुसऱ्याच्या मेणाच्या ब्लॉकमध्ये गेला तर निरोगी माणसाला कॅन्सरचा रिपोर्ट जाऊ शकतो.

हेमॅटॉलॉजीत (रक्ततपासणीत) तुझा पहिला पावसाळा कठीण जाईल. बेळगावच्या जुलैत लिशमन स्टेनमधला (रक्तपेशी रंगवायच्या रंगातला) मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतो, स्मीअरही (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थर) नीट सुकत नाही. मग लाल पेशींच्या मधोमध तीक्ष्ण कडांची, फोकस हलवला की चमकणारी भोकं दिसतात. नवखा त्याला हायपोक्रोमिया (लाल पेशी फिकट असणं) म्हणतो, कधी पॅरासाइटही म्हणतो. स्मीअर ड्रायरच्या गार हवेवर पूर्ण सुकव, बाटली लगेच घट्ट बंद कर, आणि भोकं तरी दिसलीच तर नवीन स्टेन घे. दोन मिनिटं नुसता स्टेन, मग दुप्पट बफर (पीएच 6.8) घालून आठ-दहा मिनिटं. प्लेटलेट काउंट अचानक कमी आला तर आधी स्मीअरच्या शेपटीकडे प्लेटलेटचे गुच्छ शोध. गुच्छ असतील तर सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्ताचा नमुना मागव आणि आलेल्या आकड्याला 1.1 ने गुण.

एफएनएसीला (सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासताना) सुई बाहेर काढण्याआधी पिस्टन सोड, नाहीतर मटेरियल सिरिंजमध्ये उडतं. पॅप स्टेनसाठीची स्लाइड ओली असतानाच अल्कोहोलमध्ये घाल. थायरॉइडच्या वेळी पेशंटने गिळता कामा नये, आणि अथणी-गोकाककडच्या बाईला ते मराठीत सांगून उपयोग नाही. ‘नुंगबेडी’ (गिळू नका) यासारखी चार-पाच कन्नड वाक्यं आधीच तोंडात बसव.

पहिले काही आठवडे टेक्निशियनच्या शेजारी बसून स्वतः ब्लॉक काप. सेक्शन का फाटतो, सुरकुत्या का पडतात हे वाचून कळत नाही. त्यांना वेळ विचारून जा, त्यांच्या कामाच्या गर्दीत नको.

येताना पाय पूर्ण झाकणारे बूट, मिलिमीटरची स्टीलची पट्टी आणि जाड वही आण. वहीत प्रत्येक मोठ्या नमुन्याचं चित्र काढून कोणता तुकडा कुठून घेतला ते लिही. फॉर्मालिनची वाफ साध्या मास्कने थांबत नाही, तेव्हा टेबलाचा एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय डबा उघडू नकोस.

तुझा,
एक शिक्षक