पाहुण्यांचे दोन दिवस आणि मुंबईतली अंतरे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. कॉलेजातली सहा जणांची टोळी डिसेंबरात शनिवार-रविवारसाठी कोल्हापूरहून तुझ्याकडे डोंबिवलीला येणार, त्यांना मुंबई दाखवायची आणि कोणाच्याही खिशाला फारशी झळ बसू द्यायची नाही, असे तू कळवलेस; सोबत ठिकाणांची यादी पाठवून तिचे वेळापत्रक करून द्या, असेही लिहिलेस. यादी मी दोनदा वाचली. तीत घारापुरी आहे, जुहू आहे, कान्हेरी आहे, सिद्धिविनायक आहे, वांद्र्याचा बँडस्टँड आहे आणि गेटवेही आहे. यांतले एकही ठिकाण वाईट नाही; मात्र एवढी सगळी दोन दिवसांत बसवायची म्हटली, तर तुझे मित्र मुंबईपेक्षा मुंबईतले फलाटच जास्त पाहून परत जातील. म्हणून वेळापत्रकाच्या आधी यादीला कात्री लावू.

मुंबईत पाहुण्यांचा पैसा सर्वांत जास्त कशावर जातो, हे एकदा नीट समजून घे. खाणे येथे स्वस्त मिळू शकते, लोकलचे दुसऱ्या वर्गाचे डोंबिवली ते सीएसएमटी तिकीट वीस रुपयांच्या आत आहे आणि पाहण्यासारख्या कितीतरी गोष्टींना पैसेच पडत नाहीत. पैसा जातो तो अंतरांवर. दुपारपर्यंत दोन टोके गाठून झालेली मंडळी दमतात, कोणीतरी ‘आता टॅक्सीच करू’ म्हणतो, सात माणसे एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मावत नाहीत म्हणून दोन कराव्या लागतात, त्या वाहतुकीत अडकतात, तोवर पोटात कावळे ओरडू लागतात आणि मग समोर दिसेल त्या वातानुकूलित हॉटेलात शिरून जे बिल होते, त्यात सगळ्यांचे दोन्ही वेळचे जेवण चांगले झाले असते. यावर उपाय एकच आहे: एका दिवसाला शहराचा एकच पट्टा घ्यायचा आणि त्या पट्ट्याबाहेर कितीही मोह झाला तरी जायचे नाही. तुम्ही मध्य रेल्वेवर राहता, तेव्हा दोन्ही दिवस मध्य रेल्वेच्याच आधाराने आखावेत आणि जुहू, वांद्रे व बोरिवली पुढच्या खेपेसाठी ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जुहूची तर मला तशीही विशेष ओढ नाही.

घारापुरी वगळताना तुला वाईट वाटेल, हे मी जाणतो. तेथील सदाशिवाची मूर्ती आयुष्यात एकदा तरी पाहावी अशीच आहे. परंतु गेटवेहून लाँचने जाण्यास सुमारे एक तास, येण्यास तेवढाच, वर पायऱ्यांची चढण, आणि लाँचचेच माणशी दोनशे रुपयांच्या वर; म्हणजे दीड दिवसाच्या मुक्कामातला एक अख्खा दिवस आणि खर्चाचा मोठा वाटा तेथेच संपतो. त्याऐवजी शनिवारी त्यांना भायखळ्याला ने. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आता बेटावर नाहीच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला, पुढे त्याचे तुकडे जोडण्यात आले आणि आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरच्या बागेत उभा आहे. जवळ जाऊन पाहिले, तर अंगावरचे सांधे अजून दिसतात. कोल्हापूरची मुले ही गोष्ट गावी जाऊन चार जणांना सांगतील.

आता पैशांविषयी. हा विषय तू पत्रात टाळला आहेस, म्हणून मीच काढतो. आपल्याकडे पैशांचे बोलणे मैत्रीत कमीपणाचे मानतात आणि मग तेच बोलणे नंतर पाठीमागे होते. येणाऱ्या सहा जणांत दोघे नोकरीला आहेत, एक जण स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे आणि बाकीचे अजून घरच्या पैशांवर आहेत. आकडा ठरवायचा तो त्या परीक्षार्थी मुलाच्या सोयीने, आणि त्याच्यामुळे ठरवला हे कोणालाही कळू न देता. माझ्या अंदाजाने दोन दिवसांचे खाणे, लोकल, बस व प्रवेशशुल्क मिळून माणशी हजार रुपयांत व्यवस्थित भागते. तेवढ्याची काँट्री आधीच एकाकडे जमा करावी, सर्व सामाईक खर्च त्यातूनच व्हावा, आणि खरेदी, आइस्क्रीम किंवा कोणाला मध्येच सुचलेली हौस यांना मात्र सरळ टीटीएमएम, म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’, लावावे. खजिनदार तू होऊ नकोस. यजमानाच्या हातात पिशवी असली, की तो भिडेपोटी स्वतःच्या खिशातून भर घालतो. तुझा पगार सुरू होऊन अजून वर्षही झालेले नाही. तुझ्या घरी झोपणे आणि सकाळचे पोहे एवढे आतिथ्य पुष्कळ आहे.

घराचे थोडक्यात सांगतो. बरोबर राहणाऱ्या मैत्रिणीची संमती आधी घे, सोसायटीच्या वॉचमनकडे नावे देऊन ठेव, शेजाऱ्यांकडून दोन सतरंज्या माग आणि पाण्याची वेळ पाहुण्यांना आल्याआल्या सांग.

तिकिटे काढण्याचे काम त्यांना आजच करायला लाव. महालक्ष्मी एक्सप्रेसचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि रविवारी रात्रीची परतीची गाडी लवकर भरते. एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात, तेव्हा सगळ्यांचे एकच तिकीट निघेल. येताना त्यांनी सीएसएमटीपर्यंत न जाता पहाटे कल्याणलाच उतरावे. तेथून डोंबिवली दुसरेच स्टेशन आहे. तारखेबाबत एक सूचना करतो. ६ डिसेंबरच्या आसपासचा शनिवार-रविवार निवडू नका. महापरिनिर्वाण दिनासाठी त्या दिवसांत चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. अभिवादनासाठी यायचे असेल तर जरूर यावे, पण सहलीची गर्दी तेथे करू नये.

शनिवारी रात्रभराच्या प्रवासानंतर त्यांना आंघोळी करू दे, तासभर आडवे होऊ दे आणि दहा-साडेदहाला निघा. लोकलचे काही नियम तुझ्या अंगवळणी पडले असतील, पण नवख्याला ते ठाऊक नसतात. डब्यावरचे तिरके लाल-पिवळे पट्टे पहिल्या वर्गाची खूण आहेत. रिकामा दिसला म्हणून तिथे चढलेल्या पाहुण्याचा दंड तुमच्या दिवसभराच्या खाण्याइतका होतो. अपंगांचा, महिलांचा आणि मालडबाही ओळखायला शिकव. मुली महिलांच्या डब्यात व मुले दुसरीकडे जाणार असतील, तर उतरल्यावर कुठे भेटायचे ते चढण्याआधीच ठरवा. ‘स्टेशनवर भेटू’ हे ठरवणे नव्हे. ‘मधल्या पुलाखाली, इंडिकेटरपाशी’ हे ठरवणे होय. चुकून कोणी मागे राहिले, तर त्याने पुढची गाडी धरून ठरलेल्या जागी यावे. धावत्या गाडीमागे कोणीही पळायचे नाही, हे तू त्यांना यजमान म्हणून ठणकावून सांग.

फास्ट लोकल भायखळ्याला थांबते. संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आत मातीची छोटी माणसे, जुन्या मुंबईचे नकाशे व प्रतिकृती आहेत, आणि जिन्याचे, खांबांचे, छताचे रंगकाम तर वस्तूंपेक्षाही जास्त वेळ रोखून धरते. शुल्क अगदी नाममात्र आहे. शेजारीच राणीबाग आहे. तेथील पेंग्विन पाहण्याचा आग्रह कोणी तरी धरीलच. रांग लहान असेल तर पाहा, मोठी असेल तर सोडून द्या, कारण शनिवारी तेथे मुलाबाळांची कुटुंबे असतात आणि तुमचे जेवण माटुंग्याला आहे. भायखळ्याहून ठाण्याकडे जाणारी स्लो लोकल धरून मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनवर उतरा. स्टेशनाबाहेरच्या मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ए. राम नायक यांचे उडिपी आहे, तेथे केळीच्या पानावर पोटभर जेवण मिळते. रांग फार असेल, तर आसपासच्या कोणत्याही उडिप्यात इडली, रसम वडा व फिल्टर कॉफी घेतली तरी कोणी तक्रार करणार नाही. कोणत्या हॉटेलचा डोसा श्रेष्ठ यावर माटुंगेकरांशी वाद घालू नका. तो संपत नाही.

जेवणानंतर दोन तास मोकळे ठेव. खरोखर मोकळे, वेळापत्रकात नाव नसलेले. कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच सगळे भेटत आहात. बोलायला जागा व वेळ हवाच, आणि माटुंग्याच्या पाच उद्यानांत झाडाखाली बसायला पैसे पडत नाहीत. ऊन उतरले की दादर. स्टेशनच्या पश्चिमेचा फुलबाजार ओलांडून रानडे रोडने शिवाजी पार्कापर्यंत चालत जा, कट्ट्यावर बसा आणि मग चैत्यभूमीलगतच्या समुद्रावरच्या सज्जावर जा. वांद्रे-वरळी सागरी सेतू तेथून समोर दिसतो, टोल न भरता आणि वाहनातून क्षणभर न दिसता. रात्रीचे खाणे दादरला थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा आणि वर पियूष असे करावे. कोल्हापूरकर मिसळीला नावे ठेवतील. ठेवू दे. साडेनऊनंतर गर्दी ओसरते. परतताना कर्जत-कसारा गाडीत न घुसता डोंबिवली किंवा कल्याण लोकल धरा.

रविवारची आखणी मेगाब्लॉकपासून, म्हणजे दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग बंद ठेवण्याच्या वेळेपासून, सुरू होते. शुक्रवार-शनिवारच्या वर्तमानपत्रांत तो कोणत्या मार्गावर व किती वाजता आहे हे येते. बहुधा सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत असतो आणि त्या वेळात फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात. तेव्हा सकाळी आठच्या आत सामानासकट डोंबिवली सोडा. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवता येतात, मात्र प्रत्येक बॅगेला कुलूप लागते व रेल्वेचे तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते. कुलपे घरून आणायला त्यांना आताच कळव; स्टेशनाबाहेर विकत घ्यायची पाळी आली, तर किंमत विचारायची सोय नसते.

रविवारी फोर्टात अनेक इराणी व उडिपी हॉटेले बंद असतात, म्हणून डोंबिवलीहून पोहे खाऊनच निघावे. पण रस्ते मोकळे असतात आणि इमारती बघायला यापेक्षा चांगला दिवस नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचे सीएसएमटी स्टेशन १८७८ मध्ये बांधायला घेतले आणि १८८८ मध्ये पूर्ण झाले. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. मित्रांना सांग, की रस्त्यापलीकडे उभे राहून दहा मिनिटे नुसते स्टेशनच पाहा: दगडातली माकडे, मोर, पाने, फाटकावरचे सिंह व वाघ. तेथून दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून सावलीसावलीने हुतात्मा चौकात, पुढे हॉर्निमन सर्कल, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या आणि काळा घोडा. जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य आहे. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे तिकीट मात्र तुमच्या हिशेबात जड जाईल आणि त्याला अर्धा दिवस द्यावा लागेल, म्हणून ते या खेपेस बाहेरूनच.

उरलेली दुपार ओव्हल मैदानाला द्या. एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ व राजाबाई टॉवर यांची गॉथिक रांग आणि समोर आर्ट डेको इमारतींची. या दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. मधल्या मैदानावर रविवारी एकाच वेळी इतके सामने चालतात, की एका सामन्याचा स्लिपमधला खेळाडू दुसऱ्या सामन्याच्या पंचाला खेटून उभा असतो आणि चेंडू कोणाचा, यावर कोणाचाही गोंधळ होत नाही. तुमच्यातला क्रिकेटवेडा तेथून उठणार नाही. त्याला तेथेच बसू द्या आणि बाकीच्यांनी फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून यावे. सगळ्यांनी सगळे बरोबरच करायला हवे, असा नियम करू नकोस.

साडेपाचला चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हवर पोहोचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जाण्याचा मोह होईल, परंतु त्या दिवशी घड्याळ तुमचे नाही. महालक्ष्मी आठच्या पुढे सुटते आणि क्लोकरूमला रांग असू शकते. पावणेसातला कठड्यावरून उठा, चर्चगेटहून बसने किंवा वीस-पंचवीस मिनिटे चालत सव्वासातपर्यंत स्टेशन गाठा. वडापाव आणि पाण्याच्या बाटल्या गाडीत बसण्याआधी घ्या. खजिनदाराने हिशेब फलाटावरच सांगून उरलेले पैसे तेथेच वाटून टाकावेत. गाडी सुटल्यावर ग्रुपवर हिशेब मांडला, की त्याला आठवडाभर फाटे फुटतात.

तारीख पक्की झाली की कळव. त्या आठवड्याचा मेगाब्लॉक मीही पाहून ठेवीन.

तुझा,
काका