पहिली मीटिंग पटली नाही, आता काय?

तुम्ही विचारलंय की दारू सोडून अकरा दिवस झाले, एका एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना) मीटिंगला जाऊन आलात, तिथे देवाचं नाव ऐकून अवघडलात, कुणाशी न बोलता घरी परतलात. मग हे आपल्यासाठी नाहीच का?

मला दारू सोडून नऊ वर्षं झाली, आणि पहिल्या मीटिंगनंतर मीही अगदी हेच म्हणत होते. त्याच्या आदल्या आठवड्यात तर दोनदा दारापर्यंत गेले आणि मोबाइल कानाला लावून, कुणाशी तरी बोलत असल्याचं नाटक करत, परत फिरले. तेव्हा तुम्ही आत जाऊन बसलात यालाच मी बरंच मानते.

मूळ उत्तराआधी, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरला भेटावं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भास, भ्रम, अंगाला जोराची थरथर सुरू होते. वेळीच उपचार नाही झाले तर जिवावर बेतू शकतं. मीटिंगमध्ये धीर मिळतो, औषध नाही. तिथे कुणी "गोळ्या बंद कर" म्हणालं तर तेवढं ऐकू नका.

आता तुमचं. एका ग्रुपवरून एए ठरवू नका. प्रत्येक ग्रुप आपापला कारभार स्वतःच बघतो, त्यामुळे एकीकडे नुसत्या पायऱ्यांचा (एएच्या कार्यक्रमातल्या बारा टप्प्यांचा) अभ्यास, दुसरीकडे एकच जण तासभर बोलतो, तिसरीकडे सगळे थोडंथोडं शेअर करतात. फक्त बायकांच्या मीटिंगा असतात, तरुणांच्या असतात. ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं, घरचेही. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांची. 'मीटिंग गाइड' नावाचं मोफत ॲप आहे, त्यात जवळच्या आणि ऑनलाइन मीटिंगा दिसतात. यादी कधीकधी जुनी असते, जायच्या आधी फोन करून खात्री करा. दार बंद दिसलं की परत फिरायला तेवढं निमित्त पुष्कळ होतं, मला तरी झालं होतं.

देवाबद्दल. बारा पायऱ्यांत "आपल्याला जसा उमगला तसा देव" असे शब्द आहेत, आणि कित्येक जण त्या जागी सरळ ग्रुपलाच धरतात. मी अजून नास्तिकच आहे. तरीही ते शब्द रोज टोचणार असतील तर स्मार्ट रिकव्हरी बघा. ही संस्था १९९४ सालची, पायऱ्या नाहीत, विचार आणि सवयी बदलण्याच्या पद्धतींवर भर. लाइफरिंगही देवाला बाजूला ठेवूनच चालतं. दोन्हींच्या ऑनलाइन मीटिंगा आहेत. एएबद्दल "पुरावा काय" असं विचारणाऱ्यांसाठी: २०२० मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने) २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे उपचार इतर उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस निघाले. पण कुठल्या दाराने आत शिरायचं ते कुठला अभ्यास सांगत नाही.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तुम्ही तासभर बसलात, पण मीटिंगच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा मिनिटं चुकवलीत. माझंही काम तिथेच झालं. तिसऱ्या मीटिंगला लवकर पोचले तर एका बाईने काही न विचारता माझ्या हातात दोन घडीच्या खुर्च्या दिल्या. एकीचा पाय वाकडा होता. "ती भिंतीला लाव, नाहीतर नवीन माणूस पडतो," म्हणाली. नवीन माणूस मीच होते, पण त्या क्षणी मी पाहुणी राहिले नाही. निघताना तिने कागदावर पाच बायकांचे नंबर लिहून दिले. तो कागद मी मोबाइलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवला आणि सोळा दिवस हात लावला नाही. सतराव्या रात्री साडेदहाला पहिला नंबर लावला. फोन उचलला नाही. दुसऱ्या नंबरवरच्या बाई झोपेतून उठून म्हणाल्या, "बोल. बाटली घरात आहे की दुकानात?" दुकानात होती. चाळीस मिनिटं बोललो, तोवर दुकान बंद झालं.

हे काही नवं नाही. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, एएचा एक संस्थापक बिल विल्सन याला धंद्यातल्या अपयशानंतर प्यावंसं वाटलं, तेव्हा त्याने हॉटेलातून फोन लावत लावत दुसरा एक दारुडा शोधला. तो म्हणजे डॉ. बॉब. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेला हा डॉक्टर तासन्‌तास बसला. एए तिथून सुरू झालं.

बाकी किरकोळ. बोलायची सक्ती नसते, "आज फक्त ऐकतो" किंवा "ऐकते" पुरतं. फी नाही, वर्गणी ऐच्छिक. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगांचा सल्ला ऐकाल. जमलं तर करा, मला एकसष्ट जमल्या. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांत सोबत करणारा जुना सदस्य, घाईत धरू नका. मध्येच घसरलात तर दुसऱ्याच दिवशी जा, तिथे कुणी हिशेब मागत नाही. घरच्यांना स्वतःचं बोलायला जागा हवी असेल तर त्यांच्यासाठी अल-ॲनॉन आहे, १९५१ पासून.

या आठवड्यात दोन वेगळे ग्रुप बघा. पंधरा मिनिटं आधी जा, खुर्च्या लावायला हात कमीच असतात.