अ‍ॅप म्हणतंय, आईला अल्झायमर आहे

“मॅडम, एआयनं ‘धोका जास्त’ असं दाखवलंय. म्हणजे आईला अल्झायमर झालाच ना?” न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर बोलताना मुलाचा गळा दाटून आला होता. इकडे नाशिकमध्ये माझ्यासमोर बसलेल्या काकू, वय ७२, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हल्ली हा प्रश्न घेऊन बरीच मुलं येतात.

अ‍ॅपनं काकूंना एक चित्र दाखवून इंग्रजीत वर्णन करायला लावलं होतं. बाई भांडी पुसतेय, सिंक भरून वाहतंय, मागे स्टुलावर चढून मुलगा बिस्किटं काढतोय. हे अमेरिकन चाचणीतलं जुनं चित्र आहे. पिट्सबर्गला अनेकांनी केलेलं त्याचं वर्णन रेकॉर्ड झालं आणि त्यावर असे बरेच प्रोग्रॅम शिकले: माणूस शब्दासाठी किती अडतो, नावाऐवजी ‘ते’, ‘हे’ किती वेळा म्हणतो. अल्झायमरची ही खूण खरी आहे. पण मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई इंग्रजीत अडणारच!

मी तेच चित्र पुढे केलं आणि म्हटलं, मराठीत सांगा.

“अगं बाई, नळ बंद कर की! आणि तो कार्टा पडतोय बघ...” मग त्या थांबल्या. “त्या... त्याच्यातून काढतोय. आपण लोणचं ठेवतो ना, ते.”

‘बरणी’ काही केल्या आठवेना. हे मी मुलापासून लपवलं नाही. अ‍ॅपचा निकाल मानायचा नाही, पण काळजी खोटी नाही, असं त्याला सांगितलं आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, नैराश्य असेल, कानाला कमी ऐकू येत असेल, तरी विसराळूपणा वाढतो. नुसता आवाज ऐकणाऱ्या अ‍ॅपला हे कुठून कळणार? काकूंचं बी-१२ फारच कमी निघालं. शिवाय वर्षभरापूर्वी काका गेले होते, ते कुणी अ‍ॅपला सांगितलंच नव्हतं.

इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांनी काकूंचा चेहरा उजळला होता. तरी “गॅस बंद केला का गं?” हे त्यांनी मला दोनदा विचारलं. एमआरआय झालाय, सहा महिन्यांनी स्मृतीची तपासणी पुन्हा होईल.

निघताना त्यांनी माझा हात धरला. “ताई, मला वेड तर नाही ना लागणार?”

“नाही हो काकू,” मी म्हटलं. “विसरणं म्हणजे वेड नाही.” आणि पुढची तारीख त्यांच्याच हातानं डायरीत लिहून घेतली.