विसरणं, एमआरआय आणि पुढची वर्षं

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, सूतगिरणीतून निवृत्त. एकच गोष्ट दोन-तीनदा विचारतात, पण बाजार, बँक सगळं स्वतः करतात. डॉक्टरांनी ‘एमसीआय’, म्हणजे डिमेन्शियाच्या आधीचा सौम्य विसर, असं सांगितलं. एमआरआयमध्ये ‘हिप्पोकॅम्पस आकसलेला’ असं आलंय. आता डिमेन्शिया होणारच का? (जुळे सोलापूर)

‘होणारच’ असं या एका ओळीवरून कुणालाही म्हणता येणार नाही. हिप्पोकॅम्पस हा कानशिलाच्या आत खोलवर असलेला भाग. नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम त्याचं. उतारवयात तो सगळ्यांचाच वर्षाला एक-दोन टक्क्यांनी घटतो. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वात नेहमीच्या आजारात, हा वेग चार टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून एकदा काढलेल्या चित्रापेक्षा वर्ष-दीड वर्षाने, शक्यतो त्याच मशीनवर, काढलेलं दुसरं चित्र जास्त सांगून जातं.

दवाखान्यात येणाऱ्या एमसीआयच्या रुग्णांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के डिमेन्शियाकडे जातात. काही जण वर्षानुवर्षं आहेत तिथेच राहतात, काही चक्क सुधारतात. हिप्पोकॅम्पस लहान असेल तर धोका वाढतो, एवढंच खरं.

माझ्या मते एमआरआयचा पहिला उपयोग वेगळाच आहे. पडल्यामुळे डोक्यात साचलेलं रक्त, मेंदूत वाढलेलं पाणी, लक्षात न आलेले पक्षाघाताचे छोटे झटके त्यात दिसतात आणि त्यांवर काही ना काही करता येतं. सोबत थायरॉईड आणि बी-१२ तपासलंय ना? घर शाकाहारी असेल तर बी-१२ मुळीच सोडू नका. रात्री झोपेची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : आई ६४ वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आयुष्यभर विड्या वळल्या, शाळा पाहिली नाही. घरी तेलुगूच बोलते. स्मरणशक्तीच्या चाचणीत गुण फार कमी आले. पेट स्कॅनसाठी पुण्याला नेऊ का?

थांबा. चाचणी कोणत्या भाषेत घेतली? मराठीत घेतली असेल तर आधी ती तेलुगूत पुन्हा घ्यायला सांगा. ज्या बाईने पेन्सिल कधी धरली नाही तिला घड्याळाचं चित्र काढायला लावून गुण कापणं हा तिच्यावर अन्याय आहे. मराठीत नुसती मान हलवणाऱ्या एका आजी तेलुगूत विचारल्यावर माहेरच्या सगळ्यांची नावं क्रमाने सांगत गेल्या, तो दिवस मी विसरलेलो नाही.

आईची तुलना पाच वर्षांपूर्वीच्या आईशीच करा. हजार विड्यांचा हिशेब तेव्हा तोंडपाठ होता, आता चुकतो का? भाजीवाल्याकडून सुटे पैसे बरोबर घेते का? नेहमीच्या बोळात रस्ता चुकते का? हे सगळं तारखांसह लिहून न्या. तरीही शंका उरली तर साखरेचा पेट स्कॅन (किंचित किरणोत्सर्गी साखर टोचून मेंदूचा कोणता भाग ती किती वापरतो हे दाखवणारा) कामी येतो. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या ठरावीक भागांत साखर कमी वापरली जाते. हा स्कॅन नॉर्मल आला तर पुढची काही वर्षं बरीच निर्धास्त जाण्याची शक्यता असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१. जुन्या विद्यार्थ्यांची नावं आठवत नाहीत. अमायलॉइड पेट स्कॅन करून घ्यावा का? (होटगी रोड)

चाचण्यांमध्ये स्मरणशक्ती ठीक असेल तर करू नका. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर स्मृती शाबूत असलेल्या अनेक ज्येष्ठांच्या मेंदूतही सापडतात. थर नसले तर त्रासाचं कारण अल्झायमर असण्याची शक्यता कमी, हे कळतं. पण असले तर डिमेन्शिया कधी सुरू होईल, हे स्कॅन सांगत नाही. मग तो रिपोर्ट घेऊन रात्रभर जागायचं कशाला? लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही औषधं (अमेरिकेत मान्यता २०२३ आणि २०२४) देण्याचा विचार असेल तर मात्र हे थर दाखवणारी तपासणी लागतेच. ही औषधं आजाराचा वेग थोडा कमी करतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत आणि त्यांच्यामुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. तुम्ही आधी कान तपासून घ्या. कमी ऐकू येणं हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटक आहे, आणि त्यावर यंत्र मिळतं. बीपी, साखर आटोक्यात ठेवा.

प्रश्न : एमआरआयच्या किरणांनी अपाय होतो का?

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, तिथे चुंबक असतो. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगा. आणि सीडी जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तीच लागेल.