जैसलमेर : किल्ल्यात राहावं का? आणि इतर प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की जैसलमेरबद्दलची पत्रं सुरू होतात आणि निम्म्या पत्रांत तोच तो गोंधळ असतो. मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीतला इंजिनिअर आहे, सहल कंपनीवाला नव्हे. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : जायला कोणता काळ बरा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाळवंट म्हणून स्वेटर घरी ठेवू नका, रात्री हुडहुडी भरते.

प्रश्न : आम्ही किल्ल्यातच खोली घेतली आहे. आता कुणी म्हणतं, किल्ला खचतोय, आत राहायला बंदी आहे. खरं काय?

हे ‘कुणी’ म्हणजे बहुतेक स्टेशनबाहेरचा रिक्षावाला. किल्ला पडणार म्हणून घाबरवायचं आणि कमिशन मिळणाऱ्या हॉटेलात नेऊन सोडायचं, हा तिथला जुना धंदा आहे. बंदीबिंदीची खात्री त्याच्याकडून नव्हे, जिल्हा प्रशासनाकडून करा.

खचण्याची गोष्ट मात्र थाप नाही. ११५६ मध्ये रावळ जैसलने त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. ती टेकडी एकसंध कातळाची नाही. वालुकाश्मात मातीचे थर आहेत. माती कोरडी असेपर्यंत भार पेलते, ओल मुरली की फुगते, मऊ पडते आणि वरचा तट बाहेर ढकलला जातो. जुन्या लोकांना याची जाण होती. पावसाचं पाणी झटकन बाहेर काढायला त्यांनी ‘घुटनाली’ केल्या. आणि पिण्याचं पाणी खालच्या गडीसर तलावावरून डोक्यावर वाहून आणायचं, तेव्हा ते सांडणार तरी कोण? आता आत नळ आले, गेस्ट हाऊस आली, खोलीगणिक शॉवर आणि फ्लश आले. गळक्या नळ्यांचं पाणी टेकडीच्या पोटात जातं. तटाच्या पायथ्याशी ओल धरलेला दगड बघा. पांढरा क्षार फुटलेला दिसेल आणि बोट फिरवलं की पिवळी पूड हाताला येईल. १९९६ मध्येच हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत गेला. मलवाहिन्यांची दुरुस्ती झाली, २०१३ मध्ये युनेस्कोचं नाव लागलं, तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पावसात तटाचा एक भाग ढासळलाच. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या कार्यालयांसाठी पाणी थांबून राहत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या आत राहणाऱ्यांना हाकला, असं मी म्हणत नाही. पण तुम्ही पाहुणे आहात. दिवसभर किल्ला बघा, आतल्या माणसाच्या दुकानात खा, जैन मंदिरं सकाळीच उरका, आणि झोपायला खाली गावात या. बुकिंग रद्द केल्यास पैसे किती परत मिळतील, ते हॉटेलला आजच विचारा.

प्रश्न : खोली जवळजवळ फुकट, फक्त उंटाची सफारी त्यांच्याकडूनच घ्यायची. घ्यावी?

नको. खोलीचे पैसे सफारीत वसूल होतात आणि सफारी नाकारली की रात्रीतून खोली ‘भरते’. समच्या वाळूच्या टेकड्यांवर जाणार की खुडीच्या, उंटावर नेमके किती तास, जेवण आणि परतीची गाडी धरून आहे का, हे लिहून घ्या. सम शहरापासून चाळीसेक किलोमीटर आहे. परतीची गाडी ठरलेली नसेल तर अडकाल. शंका असेल तर राजस्थान पर्यटनाच्या कार्यालयात विचारा.

प्रश्न : आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात, थोडा दमा आहे. उंटावर बसवावं का?

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारा एकदम पुढे फेकला जातो. वाळूच्या टेकड्यांवर उडणारी जीप त्याहून वाईट. वाळू आणि धूळ दम्याला सोसेल का, ते डॉक्टरांना विचारा, मला नव्हे.

प्रश्न : कुलधरा या ओसाड गावात खरंच भुतं आहेत का?

नाहीत. तिथे राहणारे पालीवाल ब्राह्मण गाव सोडून गेले, त्याची कारणं अभ्यासकांना विचारा, गाइडला नको.

प्रश्न : तनोटला आणि सीमेवर जायला परवानगी लागते का?

तनोट मातेच्या देवळात भारतीयांना सहसा जाता येतं. त्यापुढे सीमेकडे जायला सीमा सुरक्षा दलाची परवानगी हवी. नियम बदलतात, तणावाच्या काळात रस्ताही बंद होतो, म्हणून निघण्याआधी जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करा. मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. ड्रोन नेऊ नका.