जिन्याच्या रबरी पट्ट्या

पत्र : मी २४ वर्षांची. घर नाशिकला, नोकरी पुण्यात, आयटीत. दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन स्नोबोर्डिंग शिकले आणि आता दुसरं काही सुचत नाही. नोकरी सोडून हेच करिअर करायचंय. बाबांचं एकच पालुपद, "पडलीस तर?" भयंकर काळजीखोर आहेत. मागच्या फेब्रुवारीत गुलमर्गला माझं डावं मनगट मोडलं होतं. घरी मी ऑफिसच्या जिन्यात घसरले म्हणून सांगितलं, तर यांनी नाशिकच्या घराच्या जिन्याला रबरी पट्ट्या ठोकल्या! अशा माणसाला कसं पटवायचं? ऑस्ट्रियाची स्नोबोर्डर ॲना गॅसर, तिनेसुद्धा अठराच्या आसपासच सुरुवात केली होती ना? – हिमवेडी

हिमवेडी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या पट्ट्यांना हसले. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

मला तुझे बाबा दिसायला लागले. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पट्टी मापून घेणारे, तोंडात खिळे धरून एकेक पायरी ठोकत वर येणारे. का, तर पोरगी जिन्यात पडली. ज्या जिन्यात ती पडलीच नव्हती. आणि तीच पोरगी मला उद्गारचिन्ह टाकून विचारते, अशा माणसाला कसं पटवायचं!

अगं, ते "पडलीस तर?" विचारतायत आणि त्याचं उत्तर फेब्रुवारीपासून तुझ्याजवळ आहे. पडले, मोडलं, जुळलं, तरी मला परत जायचंय. यापेक्षा भक्कम बाजू तुला कोण मांडून देणार? ती तू स्वतःच प्लास्टरखाली झाकून ठेवलीस. (मेडिक्लेमच्या फॉर्मवर काय कारण लिहिलंस, ते मी विचारत नाही. मला झोप हवी आहे.)

शिवाय तू लपवलंस तरी काय? मनगटच. स्कीवाल्यांचे गुडघे जातात, कारण दोन पाय दोन पट्ट्यांवर आणि दोघांनी दोन दिशा धरल्या की गुडघा पिळवटतो. तुमचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. फळीची कड बर्फात अडकली की पाय टाकून सावरायची सोयच नाही, हात आपोआप पुढे जातो आणि सगळं वजन तळव्यावर येतं. या खेळातली ही सगळ्यात नेहमीची दुखापत आहे. म्हणून तर मूठ मिटून, कोपरापासूनचा हात टेकवत पडायला शिकवतात आणि नवशिक्यांना मनगटाला गार्ड बांधायला सांगतात. तू बांधला होतास का? पत्रात नाही. पडणं हा तुझ्या धंद्यातला कच्चा माल असणार आहे आणि पहिल्याच मोठ्या पडण्याला तू खोटा जिना लावलास. उद्या कोच विचारेल, आधी काय काय मोडलंय? त्यालाही जिनाच सांगणार?

गॅसरचं म्हणशील तर ती आली जिम्नॅस्टिक्समधून. हवेत फिरणं आणि पायावर उतरणं लहानपणापासून अंगात मुरलेलं, तेव्हा कुठे २०१८ आणि २०२२ ला बिग एअरचं, म्हणजे एका मोठ्या उडीत हवेत कसरत करायच्या प्रकाराचं, ऑलिंपिक सुवर्ण आलं. तू आलीस कीबोर्डवरून. त्यापेक्षा अमेरिकेची स्नोबोर्डर क्लोई किम, तिचं घर बघ. चौथ्या वर्षी बोर्डवर, सतराव्या वर्षी २०१८ ला हाफपाइपचं (अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीतल्या कसरतींचं) ऑलिंपिक सुवर्ण, आणि तिच्यासाठी वडिलांनी इंजिनिअरची नोकरी सोडलेली. आपला आरिफ खान, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकटा खेळाडू, तोही स्कीवर, स्नोबोर्डवर नाही. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. तुझ्या बाबांनी नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही. पण बर्फावर काय चाललंय हे त्या दोन्ही घरांत बापाला माहीत होतं.

पदकाचं मला विचारशील तर चोविसाव्या वर्षी, दोन हिवाळ्यांच्या जोरावर, मी त्यावर भाडं भरायची जबाबदारी टाकणार नाही. पोट भरायचं तर शिकवण्यावर. कॅनडाच्या किंवा न्यूझीलंडच्या इन्स्ट्रक्टर परीक्षा आहेत, पहिली पातळी पास झालीस की नवशिक्यांना शिकवता येतं. गुलमर्गचा बर्फ मार्चपर्यंत, न्यूझीलंडचा हंगाम जून ते साधारण ऑक्टोबर. काही जण दोन गोलार्धांत असं वर्ष बांधतात. खर्चाचं आहे, व्हिसाचं आहे, पण वेडेपणा नाही. आणि तिथे तुझं काम काय असेल? दुसऱ्यांच्या मुलींना उतारावर उभं करायचं, आणि पोरगी पडली की तिच्या आईबापाला काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं.

तेव्हा राजीनाम्याचा मेल राहू दे ड्राफ्टमध्ये. या शनिवारी नाशिकची गाडी पकड. फोनवर नाही, आईमार्फत नाही. एक्स-रे सोबत ने, टाकला नसशीलच. बाबांना जिन्यातच बसव, त्या पट्ट्यांवर, आणि हाड कुठे मोडलं ते बोट ठेवून दाखव. चिडतील. दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी मनगटाचे गार्ड कुठे मिळतात ते विचारतील, आणि बहुतेक दोन जोड आणतील.