निवटी नाही, ब्लेनी आहे तो

तुम्ही विचारलंय की अंजुणच्या खडपांवर ओहोटीला डबक्यात बोटाएवढा तपकिरी मासा दिसला, हात घातला तर टुणकन शेजारच्या डबक्यात गेला, तर ते निवटीचं पिल्लू का, आणि घरच्या टाकीत जगेल का.

निवटी नाही. निवटीला चिखल लागतो, मांडवीकाठच्या खारफुटीत बघा, डोळे बेडकासारखे वर आलेले आणि पाठीवर दोन वेगवेगळे पर. तुम्ही पाहिलात तो ब्लेनी, खडपांतल्या डबक्यांत राहणारा छोटा मासा. त्याला मानेपासून शेपटीपर्यंत एकच लांब पर, अंगावर खवलं अजिबात नाहीत, नुसता बुळबुळीत चिकटा, त्यामुळे फटीतून सरपटताना अंग सोलवटत नाही. पोहायचं थांबला की तरंगत नाही, सरळ तळाला जाऊन बसतो. आणि उडी मारतो ती शेपूट वळवून, दगडाला रेटा देऊन.

आपल्या किनाऱ्यावरच्या ब्लेनीच्या एका छोट्या जातीचं शास्त्रीय नाव ओमोब्रँकस पंक्टेटस, १८३६ साली मुंबईच्या नमुन्यावरून ठेवलेलं. आता हा मासा त्रिनिदादलाही सापडतो, जहाजांबरोबर गेला असावा असं मानतात, एवढासा जीव!

लहानपणी काकांबरोबर कालवं काढायला जायचो तेव्हा दगडाला चिकटलेल्या एका रिकाम्या कालवात डोकावलो, तर आत हा बसलेला, तोंड दाराशी, आणि मागे शिंपल्याला आतून अंडी चिकटवलेली, एकाला एक लागून, एकच थर. मादी अंडी घालून जाते, राखण बाप करतो. मी करंगळी पुढे केली तर पळाला नाही हो, चावला! तेव्हापासून मला हा मासा फार आवडतो.

टाकीत मात्र नका नेऊ प्लीज. मी एकदा बरणीत भरून आणला होता, झाकण नव्हतं, सकाळी ओट्याखाली वाळलेला मिळाला, अजून वाईट वाटतं. त्यापेक्षा अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जा, पाणी जास्त उतरतं, शेवाळावर घसरायला होतं म्हणून पट्ट्याच्या चपला घाला, डबक्याच्या कडेला बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच-दहा मिनिटं हलू नका. आधी भोकातून नुसतं डोकं बाहेर येईल, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत तुम्हालाच बघत असेल. शिंपला उलटा केलात तर परत होता तसाच ठेवा, आत अंडी असू शकतात.